मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास: किती तास लागतात आणि पायांची काळजी कशी घ्यावी?

अमेरिकेला मुलांकडे निघालेले आई-वडील माझ्याकडे आले की बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दल हमखास विचारतात. पायांबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते.

अंतर आणि वेळ

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किमी आहे. थेट विमानाला साधारण 15 ते 16 तास लागतात. वाटेत विमान बदलायचे असेल तर एकूण प्रवास 20 तासांच्या पुढे जातो. नाशिक किंवा पुण्याहून निघणाऱ्यांनी गाडीतले तासही यात धरावेत.

इतका वेळ बसल्याने काय होते?

चालताना पोटरीचे स्नायू पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यास हे काम मंदावते आणि खोलवरच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. ही गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका 2 ते 3 पट वाढतो. तरीही निरोगी प्रवाशांत तो सुमारे 6,000 जणांमागे एक इतकाच आहे. त्यामुळे घाबरू नका, पण काळजी घ्या.

कोणाला धोका जास्त?

- पूर्वी गुठळी झालेले
- नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेले
- कर्करोगाचे रुग्ण
- गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया
- गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया
- लठ्ठ व्यक्ती

यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. गरज असल्यास डॉक्टर मापाचे दाब देणारे मोजे किंवा औषध सुचवतात. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

विमानात काय करावे?

- जाण्या-येण्याच्या वाटेकडेची सीट घ्या.
- दर एक-दोन तासांनी उठून चाला.
- बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचला.
- पायांपुढे सामान ठेवू नका.
- पाणी पीत राहा. मद्य आणि झोपेची गोळी टाळा.
- इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते, म्हणून इन्सुलिनच्या वेळा आधीच लिहून घ्या.

ही लक्षणे अंगावर काढू नका

दोन्ही पावलांना थोडी सूज येणे सामान्य आहे. ती एक-दोन दिवसांत उतरते. मात्र एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे किंवा तिथली त्वचा लाल आणि गरम होणे दिसल्यास त्याच दिवशी तपासून घ्या. अचानक दम लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा. अमेरिकेत 911 वर फोन करा. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

'तिथले डॉक्टर महाग' म्हणून बरेच पालक दुखणे मुलांपासून लपवतात. निघण्यापूर्वी प्रवास विमा काढा, आणि पाय दुखला तर त्याच दिवशी मुलांना सांगा.