खेळयंत्राचे यश आणि बाह्य निर्माते : ‘निन्टेन्डो ६४’च्या निमित्ताने

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा, म्हणजेच कन्सोलचा, इतिहास आता अर्धशतकाहून अधिक काळाचा झाला आहे. या इतिहासाविषयी लिहिणाऱ्यांनी एक सिद्धान्त जवळजवळ गृहीतच धरलेला दिसतो. तो असा की, ज्या कन्सोलला बाहेरच्या खेळनिर्मात्यांचा व्यापक पाठिंबा लाभतो ते यशस्वी होते आणि ज्याला तो लाभत नाही ते मागे पडते. या सिद्धान्ताच्या समर्थनार्थ १९९६ साली बाजारात आलेल्या ‘निन्टेन्डो ६४’ या यंत्राचे उदाहरण हटकून दिले जाते. प्रस्तुत लेखात हा सिद्धान्त अन्वय आणि व्यतिरेक या दोन्ही कसोट्यांवर तपासून पाहण्याचा आणि त्यातील ग्राह्यांश कोणता हे ठरविण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी दोन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. ‘बाह्य निर्माता’ म्हणजे यंत्र तयार करणाऱ्या कंपनीहून वेगळी, स्वतःच्या भांडवलावर त्या यंत्रासाठी खेळ तयार करून विकणारी संस्था. ‘यश’ हा शब्द मात्र दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. समकालीन यंत्रांमध्ये अग्रस्थान मिळविणे हा एक अर्थ. अग्रस्थान न मिळताही कंपनीला नफा व्हावा आणि पुढचे यंत्र काढण्याचे सामर्थ्य तिच्यात उरावे, हा दुसरा. पहिल्यास आपण ‘अग्रत्व’ व दुसऱ्यास ‘निर्वाह’ म्हणू. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळसा वाद निष्फळ ठरला आहे.

बाह्य निर्मात्याचा उदय कोणाच्या निमंत्रणाने झालेला नाही. १९७७ साली अटारी कंपनीने आपले ‘व्हीसीएस’ हे यंत्र विक्रीस आणले, तेव्हा त्यावरील खेळ आपणच करावयाचे, हे तिने गृहीत धरले होते. खेळ रचणाऱ्यांना त्यांचे श्रेय वा विक्रीतील वाटा मिळत नसे. या असंतोषातून डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर प्रभृती काही रचनाकार बाहेर पडले आणि १९७९ साली ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ची स्थापना झाली. अटारीने न्यायालयात धाव घेतली. परंतु १९८२ साली स्वामित्वधन घेऊन तडजोड करण्यावाचून तिला गत्यंतर उरले नाही. हा दरवाजा उघडताच लहानमोठ्या अनेक कंपन्या आत शिरल्या, दुकाने मालाने भरून गेली, न विकलेले खेळ मिळेल त्या किमतीस काढले जाऊ लागले आणि १९८३ साली उत्तर अमेरिकेतील हा सारा व्यवसाय कोसळला. या पतनाचे खापर केवळ उपऱ्यांवर फोडणे मात्र न्याय्य होणार नाही. १९८२ च्या अखेरीस आलेला ‘ई.टी.’ हा खेळ अटारीचाच होता. त्याच्या पडून राहिलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलमोगोर्डो येथे पुरण्यात आल्या आणि २०१४ च्या उत्खननात त्या प्रत्यक्ष सापडल्या. तरीही एवढे निश्चित की, बाह्य निर्मात्यांची विपुलता हेच जर यशाचे कारण असते, तर १९८३ साली अटारीचा उत्कर्ष व्हावयास हवा होता.

या अनुभवापासून सर्वांत मोठा धडा घेतला तो जपानच्या निन्टेन्डोने. तिचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आले. १९८४ साली हडसन व नाम्को या कंपन्यांना त्यासाठी खेळ करण्याची मुभा मिळाली. १९८५ साली हेच यंत्र निराळ्या रूपात व ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत गेले, तेव्हा त्यात एक विशेष चिप बसविण्यात आली होती. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला घरोघर ‘कॅसेट’ म्हणत त्या वस्तूमध्ये, तिची जोडीदार चिप नसेल तर खेळ सुरूच होत नसे. अशा रीतीने अटारीजवळ नसलेली किल्ली निन्टेन्डोच्या हाती आली. अमेरिकेतील परवान्याच्या अटी कडक होत्या. एका निर्मात्याने वर्षाला पाचच खेळ काढावेत; तोच खेळ दोन वर्षे अन्य यंत्रावर देऊ नये; कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच करवून घ्यावीत आणि त्यांचे पैसे आगाऊ भरावेत.

शेवटची अट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेळ खपला तर निन्टेन्डोला लाभ होताच. न खपला तरी तिचे नुकसान नव्हते, कारण कार्ट्रिजांचा खर्च निर्मात्याने आधीच चुकता केलेला असे. जोखीम सर्वस्वी बाहेरच्याची आणि नियंत्रण सर्वस्वी आतल्याचे, अशी ही व्यवस्था होती. तरीही निर्माते आले, कारण ग्राहक तेथे होता. या यंत्राची जगभरातील विक्री अखेरीस ६ कोटी १९ लाखांवर गेली. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि ‘फायनल फॅन्टसी’ (१९८७) या एनिक्स व स्क्वेअर यांच्या कथाप्रधान खेळमालिका याच यंत्रावर जन्मल्या आणि १९९० साली आलेल्या ‘सुपर फॅमिकॉम’वर पुढे चालू राहिल्या.

ही व्यवस्था मोडली ती पर्याय निर्माण झाल्यामुळे. सुपर फॅमिकॉमला सीडी-रॉमची जोड देण्यासाठी निन्टेन्डो व सोनी यांच्यात झालेला करार १९९१ साली फिसकटला. सोनीने केन कुतारागी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचे यंत्र सिद्ध केले आणि डिसेंबर १९९४ मध्ये ‘प्लेस्टेशन’ जपानच्या बाजारात आले. सोनीपाशी स्वतःच्या खेळांची परंपरा नव्हती. बाहेरच्यांना जवळ करणे ही तिची गरजच होती. निन्टेन्डोच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी असलेली नाम्को आता सोनीच्या बाजूस उभी राहिली. उलटपक्षी निन्टेन्डोने आपल्या नव्या यंत्रासाठी कार्ट्रिजच कायम ठेवले. त्यामागे कारणे नव्हती असे नाही. कार्ट्रिजमधून माहिती तत्काळ वाचली जाते, त्याची नक्कल करणे अवघड असते आणि नियंत्रणाची किल्लीही हातची जात नाही. परंतु त्याची किंमत बाहेरच्याला मोजावी लागत होती. सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्ये ६४ मेगाबाइट माहिती मावे; एका सीडीत सुमारे ६५०. शिवाय सीडीची प्रत स्वस्त पडे आणि मागणी येईल तशी थोड्या अवधीत पुन्हा काढता येई. कार्ट्रिजांची मागणी मात्र कित्येक आठवडे आधी अंदाजाने नोंदवावी लागे. अंदाज चुकला तर माल अंगावर पडे किंवा ऐन हंगामात दुकाने रिकामी राहत. सारांश, तबकडीने निर्मात्याच्या डोक्यावरील जोखमीचा भार हलका केला. १९९६ साली स्क्वेअरने प्लेस्टेशनकडे जाण्याचे जाहीर केले. ‘फायनल फॅन्टसी ७’ जानेवारी १९९७ मध्ये तीन तबकड्यांवर प्रसिद्ध झाला. पाठोपाठ एनिक्सनेही ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा पुढचा भाग तिकडेच नेण्याचे घोषित केले.

परिणाम सर्वश्रुत आहे. प्लेस्टेशनची विक्री १० कोटींच्या वर गेली. निन्टेन्डो ६४ ची ३ कोटी २९ लाखांवर थांबली. येथपर्यंतचा वृत्तान्त रूढ सिद्धान्ताला पोषकच वाटतो. परंतु जागतिक बेरजेच्या आत डोकावले असता निराळे चित्र दिसते. निन्टेन्डोच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार सुपर फॅमिकॉमची जपानातील विक्री १ कोटी ७१ लाख होती. निन्टेन्डो ६४ ची ५५ लाख झाली, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. अमेरिका खंडांत मात्र हेच आकडे अनुक्रमे २ कोटी ३३ लाख व २ कोटी ६ लाख असे आहेत. यंत्र तेच, कार्ट्रिज तेच, बाह्य निर्मात्यांचा दुष्काळही साधारणतः तोच; असे असता एके ठिकाणी घरच ढासळले आणि दुसरीकडे केवळ एक कोपरा पडला.

या तफावतीचा काही भाग कालविलंबाने समजावून देता येईल, असा आक्षेप येथे घेता येण्यासारखा आहे. जपानात प्लेस्टेशननंतर निन्टेन्डो ६४ येण्यास दीड वर्ष लागले, तर अमेरिकेत एक. परंतु सहा महिन्यांच्या फरकाने एवढी मोठी दरी पडावी, हे पटण्यासारखे नाही. अधिक सयुक्तिक कारण असे की, जपानी खेळाडूच्या दृष्टीने कन्सोल म्हणजे मुख्यतः ज्यावर त्या दोन कथामालिकांचा पुढचा भाग येणार ते यंत्र. त्या मालिका गेल्या आणि त्यांच्याबरोबर यंत्र घेण्याचे प्रयोजनही गेले. अमेरिकेतील खेळाडूंवर त्या मालिकांची तेवढी पकड नव्हती. ‘सुपर मारिओ ६४’, तसेच निन्टेन्डोचा भागभांडवलात वाटा असलेल्या ‘रेअर’ या ब्रिटिश संस्थेचा ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) यांसारख्या खेळांनी तेथील गरज बऱ्याच अंशी भागविली. चौघांना एकाच वेळी खेळता यावे यासाठी यंत्रातच केलेली सोयही तेथे उपयोगी पडली. अग्रत्व तेथेही प्लेस्टेशनकडेच गेले. पण निर्वाहाला धक्का बसला नाही.

आता अन्य उदाहरणांकडे वळू. १९९३ साली आलेल्या ‘थ्रीडीओ’ यंत्राच्या प्रवर्तकांनी बाह्य निर्मात्यांकडून प्रत्येक प्रतीमागे अवघे ३ डॉलर स्वामित्वधन घेण्याचे धोरण ठेवले. इतके उदार धोरण त्या काळी दुर्मिळ होते. परंतु यंत्राची आरंभीची किंमतच ७०० डॉलरच्या घरात होती आणि ते काही वर्षांतच बाजारातून नाहीसे झाले. ‘ड्रीमकास्ट’ची गोष्ट उलट आहे. सेगाचे स्वतःचे खेळ उत्तम असूनही ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’सारखा मोठा निर्माता त्याकडे फिरकला नाही, २००१ च्या आरंभी सेगाने कन्सोल करण्याचा व्यवसायच सोडून दिला. ‘वी’ने (२००६) १० कोटी १६ लाखांचा पल्ला गाठला तो मुख्यतः निन्टेन्डोच्याच ‘वी स्पोर्ट्स’च्या बळावर. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्हीही येथे खंडित होतात.

याहून बोलके उदाहरण ‘मारिओ कार्ट ८’चे आहे. २०१४ साली तो ‘वी यू’वर आला तेव्हा त्याच्या सुमारे ८४ लाख प्रती खपल्या. कारण ते यंत्रच १ कोटी ३५ लाखांपलीकडे गेले नाही. तोच खेळ थोड्या भरीसह २०१७ साली ‘स्विच’वर आला आणि ६ कोटींहून अधिक खपला. म्हणजे स्वनिर्मित उत्तम खेळदेखील एकटा यंत्राला तारू शकत नाही. वी यू कडे बाह्य निर्माते फिरकेनासे झाले, कारण ग्राहक थोडे होते. आणि ग्राहक थोडे राहिले, याचे एक कारण निर्माते गेले हे होते. हा बीजांकुरन्याय आहे. अशा ठिकाणी एकास कारण व दुसऱ्यास कार्य ठरविणारा अभ्यासक अर्धेच सत्य सांगत असतो.

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. बाह्य निर्मात्यांचा व्यापक पाठिंबा ही निर्वाहाची अपरिहार्य अट नाही. मात्र तो नसेल तर त्याची जागा भरून काढण्याइतकी स्वनिर्मिती कंपनीपाशी असावी लागते, आणि अशी कंपनी विरळाच. अग्रत्वासाठी पाठिंबा बहुधा आवश्यक ठरला आहे. परंतु त्याचे मोजमाप खेळांच्या संख्येने करणे चुकीचे होय. कोणत्या समाजात कोणत्या निर्मात्याशिवाय यंत्र घेण्यास अर्थ उरत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देशागणिक बदलते, हे निन्टेन्डो ६४ ने दाखविले. अखेरचा मुद्दा असा की, पाठिंबा ही आपोआप लाभणारी वस्तू नसून ती परवान्याच्या अटींतून घडते. स्क्वेअर निन्टेन्डोपासून दूर गेली ती १९९६ साली. पण नुकसान कोणी सोसावयाचे हे ठरविणारी वाक्ये त्यापूर्वी दहा वर्षे लिहिली गेली होती. म्हणून या विषयाच्या विद्यार्थ्याने खेळांच्या याद्यांपेक्षा करारपत्रांकडे अधिक लक्ष द्यावे, हे इष्ट.