रोगप्रतिकारशक्ती

रोगप्रतिकारशक्ती : शरीरात शिरलेले जिवाणू, विषाणू, परजीवी व विषारी द्रव्ये ओळखून ती निष्प्रभ करण्याची क्षमता. ओळख आणि स्मृती हे तिचे दोन आधार होत.

जन्मजात प्रतिकार : त्वचा, श्लेष्मल पडदे व जठरातील आम्ल हे पहिले अडथळे. शेतात अनवाणी चालताना काटा रुतला की त्वचेचा अडथळा मोडतो. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, भक्षक पेशी जमून जंतूंना गिळू लागतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. मेलेल्या पांढऱ्या पेशी व जंतू यांचा पू होतो. पायातील लसीका जांघेतील ग्रंथींत गाळली जात असल्याने तेथे अवधाण येते. अवधाण म्हणजे प्रतिकार चालू असल्याची खूण.

संपादित प्रतिकार : लसीका पेशी अस्थिमज्जेत जन्मतात. त्यांपैकी टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. प्रत्येक पेशीला ठरावीक प्रतिजनच (जंतूवरील परका घटक) ओळखता येतो. तो भेटला की तिच्या असंख्य प्रती तयार होतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे (प्रतिजनाला चिकटणारी प्रथिने) मिळतात. मारक टी पेशी विषाणूबाधित पेशी नष्ट करतात. पहिल्या वेळी याला एक-दोन आठवडे लागतात. मागे उरलेल्या स्मृतिपेशींमुळे पुढच्या वेळी प्रतिकार लवकर व जोरदार होतो.

लस ही स्मृती रोगाविना घडवते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत मारलेल्या प्लेग-जिवाणूंची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनी स्थापलेल्या परळच्या संशोधन संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

उसना प्रतिकार : यात प्रतिपिंडे बाहेरून तयार मिळतात. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावांसाठी हा भाग जिव्हाळ्याचा आहे, कारण शेतात सर्पदंशाचा धोका असतो. सर्पदंशावरील प्रतिविषासाठी घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचतात व त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे शुद्ध करून घेतात. भारतीय बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर चालते. ही प्रतिपिंडे काही काळाने नाहीशी होतात, स्मृती ठेवत नाहीत. म्हणून एकदा वाचलेल्या माणसानेही पुन्हा दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

बाळालाही गर्भातच वारेतून आईची प्रतिपिंडे मिळतात; जन्मानंतर चिकातून आणखी मिळतात, म्हणून चीक पिळून टाकू नये. आईकडून आलेली प्रतिपिंडे गोवर-रुबेला लशीला निष्फळ करू शकतात. ती ओसरल्यावर, नऊ महिने पूर्ण झाल्यावर, पहिली मात्रा देतात. १६ ते २४ महिन्यांची दुसरी मात्राही तितकीच आवश्यक आहे, कारण पहिलीने काही मुलांत पुरेसा प्रतिकार निर्माण होत नाही.

विकार : निरुपद्रवी परागकणांवरही हल्ला झाला तर ॲलर्जी होते, स्वतःच्याच ऊतींवर झाला तर आमवाती संधिवात किंवा पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. एचआयव्ही साहाय्यक टी पेशी नष्ट करतो. कुपोषणानेही प्रतिकार खालावतो. लसीकरणाइतकाच पोटभर सकस आहार प्रत्येक मुलाला मिळायला हवा.