बाळ मान धरत नाही? जाणून घ्या 'एसएमए' आजार, औषधे आणि मदत

सोलापूर : बाळ चार-पाच महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, हातपाय लुळे वाटतात, तेव्हा घरात म्हणतात, "धरेल उशिरा." बऱ्याचदा तसंच होतं. पण काही बाळांत यामागे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे 'एसएमए' हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असतो. आता त्यावर औषधे आहेत, मात्र उशीर चालत नाही.

आजार काय?
पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एका प्रथिनावर जगतात. ते बनवणारं 'एसएमएन-१' जनुक बिघडलं की या पेशी मरत जातात. स्नायू वाळतात, गिळणं आणि श्वास घेणं अवघड होतं. बुद्धी मात्र शाबूत राहते.

कशामुळे होतो?
ग्रहण किंवा आईच्या खाण्यापिण्याचा संबंध नाही. बहुतेक वेळा आई-वडील दोघेही ठणठणीत, पण दोघांकडे एकेक बिघडलेलं जनुक असतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते.

औषधे कोणती?
• नुसिनर्सेन (२०१६) : ठराविक महिन्यांनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन.
• झोलजेन्स्मा (२०१९) : एकदाच द्यायची जीन थेरपी, किंमत सुमारे १६ कोटी. २०२१ मध्ये मुंबईच्या एका बाळासाठी लोकवर्गणी जमली, केंद्राने आयात कर माफ केला.
• रिस्डिप्लाम (२०२०) : घरीच रोज तोंडाने घ्यायचं औषध. बाटली सहा लाखांच्या वर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वस्त औषध रोखायला नकार दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीची बाटली १५,९०० रुपयांना आली. वीस किलोवरच्या रुग्णाला बाटली १२ दिवस पुरते, म्हणजे वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास खर्च. लहान बाळाला कमी लागतं.

मेलेली पेशी कोणतंच औषध परत आणत नाही. उरलेल्या वाचतात, म्हणून लवकर निदान महत्त्वाचं.

कुठे जायचं?
अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा किंवा सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बालरोग विभागात जा. रक्ताच्या जनुकीय तपासणीतून निदान होतं. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी मुंबईचं केईएम हॉस्पिटल हे नेमलेलं केंद्र आहे.

घरात एका बाळाला हा आजार झाला असेल, तर पुढच्या वेळी दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते.