खेळणं संपतं म्हणजे काय होतं?

ख्रिसमसच्या तोंडावर अमेरिकेत एखादं खेळणं मिळेनासं होतं, त्यासाठी आईबाप एकमेकांच्या अंगावर धावून जातात, अशा बातम्या दर काही वर्षांनी येतात. आपण वाचतो, हसतो, ‘काय हे वेड’ म्हणतो आणि पान उलटतो. मीही उलटलं असतं. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या धंद्यात, तेही डिस्पॅच खात्यात बरीच वर्षं काढल्यामुळे मला या बातम्या जरा मागच्या बाजूने दिसतात. माल जिथून निघतो त्या बाजूने. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात १९८३ पासून करू. कपिल देवने वर्ल्ड कप उचलला ते वर्ष. त्या हिवाळ्यात अमेरिकेत ‘कॅबेज पॅच किड्स’ नावाच्या बाहुल्यांनी धुमाकूळ घातला. गोबऱ्या गालांच्या, मऊ अंगाच्या, दिसायला काही फार देखण्या नव्हेत. पण प्रत्येक बाहुली दुसरीपेक्षा थोडी वेगळी, प्रत्येकीला स्वतःचं नाव, आणि सोबत चक्क दत्तकपत्र! बाहुली विकत घ्यायची नाही, दत्तक घ्यायची. कोलेको नावाची कंपनी त्या बनवत होती आणि नोव्हेंबर संपायच्या आत दुकानं रिकामी झाली.

मग जे झालं ते आज वाचताना खोटं वाटतं. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बारी गावात एका दुकानापुढे हजारभर माणूस जमला. चेंगराचेंगरीत एका बाईचा पाय मोडला आणि मॅनेजर बेसबॉलची बॅट हातात घेऊन उभा राहिला. कॅन्सस सिटीचा एक पोस्टमन मुलीसाठी बाहुली आणायला थेट लंडनला गेला. मिलवॉकीत तर रेडिओवाल्यांनी गंमत म्हणून जाहीर केलं, की विमानातून स्टेडियमवर बाहुल्या टाकणार आहोत, झेलायला ग्लोव्ह्ज आणा आणि क्रेडिट कार्ड आकाशाकडे धरा, वरून फोटो काढून घेऊ. त्या कडाक्याच्या थंडीत काही लोक खरंच येऊन उभे राहिले. शेवटी कोलेकोला टीव्हीवरच्या जाहिराती थांबवाव्या लागल्या. माल नाही आणि मुलांना आशा लावता, असा लोकांचा राग होता.

आता साधा प्रश्न. इतकी मागणी होती तर कंपनीने भराभर आणखी बाहुल्या का नाही बनवल्या?

याचं उत्तर आमच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही शिपाई-क्लार्कला विचारा. ख्रिसमसचे टॉवेल आम्ही कधी विणतो माहीत आहे? ऐन उन्हाळ्यात! वर्षाच्या सुरुवातीला नमुने जातात, रंग पास होतो, मार्च-एप्रिलला ऑर्डर पक्की होते. मग सोलापूरचा पारा बेचाळीसवर गेलेला असताना इथे लाल-हिरवे टॉवेल मागावरून उतरतात. शिलाई खात्यातल्या बायका पदराने घाम पुसत बर्फातल्या हरणांच्या कडा शिवतात. बहुतेकींनी बर्फ पाहिला असेल तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. चेकिंग, पॅकिंग, खोके, कंटेनर, न्हावा शेवा, आणि मग महिनाभर समुद्र. तिकडे उतरल्यावर गोदाम, गोदामातून गावोगावची दुकानं. म्हणजे डिसेंबरात गिऱ्हाईक ज्या मालाला हात लावतं, त्याचा आकडा कुणीतरी आठ-नऊ महिने आधी कागदावर लिहिलेला असतो.

नोव्हेंबरात तिकडून निरोप आला की ‘माल चांगला उठतोय, आणखी वीस हजार नग पाठवा’, तर आमच्याकडे हसण्याशिवाय काही उरत नाही. सूत आणायचं, रंगवायचं, विणायचं, शिवायचं, आणि बोटीत घालायचं. पोचेल फेब्रुवारीत. आणि फेब्रुवारीत हरणाचा टॉवेल कोण घेणार? खेळण्याचं तर आणखी अवघड. त्याला आधी साचे बनवावे लागतात. विमानाने माल आणता येतो, कोलेकोनेही आणला, पण विमानात बसवायला आधी बाहुली तयार तर हवी ना!

याचा सगळ्यात मजेदार पुरावा १९७७ चा आहे. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा मे महिन्यात लागला आणि तुफान चालला. खेळण्यांचे हक्क केनर कंपनीकडे होते, पण ख्रिसमसपर्यंत बाहुल्या बनणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? रिकामं खोकं विकलं! आत पुठ्ठ्याचं एक चित्र आणि एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवा, पुढच्या वर्षी चार बाहुल्या टपालाने घरी येतील. लोकांनी ती खोकी विकत घेतली आणि मुलांनी ख्रिसमसच्या सकाळी पुठ्ठा उघडला. लोक या प्रकाराला अजून नावं ठेवतात. मला मात्र वाटतं, या सगळ्या इतिहासात खरं बोललेली तेवढी एकच कंपनी. माल तयार नाही, वेळ लागेल, हे त्यांनी खोक्यात घालूनच दिलं होतं.

मग आकडा लिहिणारे मुळातच जास्त का लिहीत नाहीत? कारण उरलेला माल. रिकाम्या शेल्फने फार तर चिडचिड होते, भरलेल्या गोदामाने कंपनी बुडते. जपानच्या बांदाई कंपनीचं ‘तामागोची’ घ्या. १९९६ च्या नोव्हेंबरात आलं. किल्लीला लावायचं अंड्याएवढं यंत्र, आत पाळीव प्राणी, त्याला वेळेवर भरवलं नाही तर मरतो. त्यासाठी रांगा लागल्या, चोऱ्या झाल्या. कंपनीने मग धडाक्यात उत्पादन वाढवलं. तोवर वेड ओसरलं आणि न खपलेल्या मालाने मोठा तोटा दिला. खुद्द कोलेकोनेही १९८८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यामुळे जाणता खरेदीदार नेहमी थोडं कमीच मागवतो. डिसेंबरातली टंचाई म्हणजे त्याने एप्रिलमध्ये केलेली बचत.

इथपर्यंत हिशेबाचा भाग झाला. पण आकडा चुकला, मागणी वाढली, तर तो ताण कुठे जातो? गिऱ्हाईक रांगेत उभं राहतं ते आपल्याला फोटोत दिसतं. दुसऱ्या टोकाला रात्रपाळी लागते ती दिसत नाही. १९९६ ला ‘टिकल मी एल्मो’साठी पुन्हा तेच झालं. पोटाला गुदगुल्या केल्या की खदखदून हसणारा लाल बाहुला, साधारण २९ डॉलरचा. लोकांनी शेकडो डॉलर मोजले. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनमध्ये दुकानातला एक कर्मचारी गर्दीखाली तुडवला जाऊन जखमी झाला. या बातम्या सगळीकडे आल्या. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १० मे १९९३ ला, बँकॉकजवळ केडर नावाच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली होती. अमेरिकन कंपन्यांसाठी तिथे मऊ बाहुल्या शिवत. १८८ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. बाहेर पडायची दारं बंद होती. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमध्ये शेन्झेनच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात ८७ जणी-जण गेले. एल्मोची रांग जगाला आठवते. केडर किती जणांना आठवतं?

मे महिना होता, हे वाचल्यावर मी थबकलो होतो. मे म्हणजे ख्रिसमसच्या ऑर्डरीचे दिवस. त्या आगीचं कारण ऑर्डर होती असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसांत शेड कशी भरलेली असते, कापूस आणि धागा कुठवर रचलेला असतो, जिन्यात खोकी कशी येऊन बसतात, ते मला माहीत आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे आमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाच्या घरची आणि कामगाराच्या घरची, दोन्ही. एक तान्हं बाळही होतं. त्याचा खेळण्यांशी काही संबंध नाही. पण त्या दिवसापासून ‘स्टॉक संपला’ अशी पाटी दिसली की माझ्या डोळ्यांपुढे दुकान येत नाही, शेड येते.

असो. जरा आपल्या गड्ड्यावर येऊ.

आपल्याकडे खेळण्यांचा हंगाम दोनदा, दिवाळीला आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेला. दिवाळीला गिरण्यांचा आणि नंतर यंत्रमागांचा बोनस हातात यायचा, तो नव्या पेठेत कपड्यांत संपायचा. खेळणं म्हणजे टिकल्यांचं पिस्तूल आणि किल्ल्यावरचे मावळे. खरी खेळणी संक्रांतीला. सात नंदीध्वज निघाले, अक्षता पडल्या, होम झाला की होम मैदानावरचा गड्डा लहान मुलांचा. भिरभिरं, पिपाणी, डमरू, परातीतल्या पाण्यात फटफट करत फिरणारी पत्र्याची नाव, मातीची भातुकली. लहानपणी आम्हाला तिथे एखादं खेळणं ‘संपलं’ असं कधी ऐकायला मिळालं नाही. फार तर ‘उद्या या’. कारण विकणारा तोच बनवणारा. पाल टाकून मागेच राहायचा, रात्री कंदिलापाशी बसून कागद चिकटवायचा, आणि दुसऱ्या दिवशी भिरभिरी हजर. मागणी आणि माल यांच्यात एका रात्रीचं अंतर. उरली तर पुढच्या गावच्या जत्रेत.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले निर्बंध उठले आणि चिनी प्लास्टिक गड्ड्यावरही आलं. मग २००५ च्या सुमाराला टीव्हीवरच्या कार्टूनमुळे बेब्लेडचं वेड आलं. दुकानात अस्सल भोवरा मिळेना, मिळाला तर परवडेना, आणि गड्ड्यावर नकली भोवऱ्यांचे ढीग. आपल्याकडे टंचाईवरचा उपाय हाच, डुप्लिकेट! पोरांना फरक कळायचा, पण फिरतोय ना, मग झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. बरंच झालं, रंगातलं विष पोरांच्या तोंडात जायला नको. पण त्याने रात्री कंदिलापाशी बसणारा माणूस काही परत येत नाही.

२०२५ मध्ये जगाने लाबुबूच्या रांगा पाहिल्या. दातवाली, केसाळ बाहुली. इंग्लंडमध्ये दुकानांत भांडणं झाली म्हणून कंपनीने मे महिन्यात तिथली दुकानातली विक्रीच थांबवली होती. नकली लाबुबूला लोकांनी ‘लाफुफू’ असं नावही ठेवलं. बेब्लेडच्या काळातली आपली पोरं जगापुढे होती म्हणायची.

न्यू जर्सीतली माझी मावसबहीण नातवासाठी एक न मिळणारं खेळणं शोधत होती. दुप्पट पैसे देऊन घेऊ का, म्हणून मला विचारत होती. तिला म्हटलं, अगं, मार्चपर्यंत थांब. एव्हाना कुठल्यातरी शेडमध्ये ते दिवस-रात्र बनत असेल, आणि मार्चमध्ये दुकानात ढिगाने पडेल, निम्म्या किमतीत. नातवाला तोवर पुठ्ठ्यावर चित्र काढून दे. ती म्हणाली, “तुझं काय जातं सांगायला, रडणार तो माझ्याकडे.” तेही खरंच आहे. पण मी हे नुसतं पैसे वाचवायला सांगत नव्हतो. एक नातू मार्चपर्यंत थांबला, तर कुठल्यातरी गावातली एक रात्रपाळी टळेलच असं नाही. पण सगळ्यांनाच सगळं पंचवीस डिसेंबरच्या सकाळी हवं असतं, म्हणून ती रात्रपाळी लागते, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकतो. त्या खोक्यांवर पट्टी मारून मी स्वतः ती रवाना केली आहेत.