एकवीस जखमा, आणि कागदावर एकही नाही

आजचा भाग युद्धाचा आहे, पण यात तोफा कमी आणि कागद जास्त आहेत. कंटाळू नका. एका सैनिकाच्या कागदात एक नोंद राहून गेली आणि ती दुरुस्त व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, त्याची ही गोष्ट आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण सातबाऱ्यावर नाव चुकलं की काय होतं हे ज्यांनी घरी पाहिलंय, त्यांना ती लगेच कळेल.

स्टेशनवरचा हमाल

हेन्री जॉन्सन. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात रेल्वे स्टेशनवर हमाली करणारा कृष्णवर्णीय तरुण. उंची साधारण पाच फूट चार इंच, अंगानं किरकोळ. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हा सैन्यात भरती झाला. पुढे त्याच्या पलटणीचं नाव पडलं ३६९ वी इन्फन्ट्री. लोक तिला ‘हार्लेम हेलफायटर्स’ म्हणून ओळखतात.

तेव्हा अमेरिकन सैन्यात गोरे वेगळे, काळे वेगळे. काळ्या सैनिकांना बहुतेक ठिकाणी ओझी उचलायला आणि खंदक खणायला लावायचे. या पलटणीला तर अमेरिकन सेनापतींनी सरळ फ्रेंच सैन्याच्या हाताखाली देऊन टाकलं. फ्रेंचांना माणसं हवीच होती. त्यांनी यांना बंदुका दिल्या आणि आघाडीवर उभं केलं.

१५ मे १९१८, पहाटेची वेळ. फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलाजवळ जॉन्सन आणि नीडम रॉबर्ट्स हे दोघं पहाऱ्यावर होते. अंधारात जर्मन तुकडीनं हल्ला केला. समोर किमान बारा जण. रॉबर्ट्स जबर जखमी झाला आणि जर्मन त्याला ओढून न्यायला लागले. जॉन्सनची बंदूक चालेना, तेव्हा त्यानं ती दांडक्यासारखी फिरवली. मग कमरेचा बोलो काढला. बोलो म्हणजे जाड पात्याचा सुरा, आपल्या कोयत्याचा भाऊच म्हणा. त्यानं सोबत्याला सोडवलं आणि जर्मनांना परतवून लावलं. त्याच्या अंगावर २१ जखमा झाल्या होत्या.

फ्रान्सनं दोघांनाही ‘क्रॉय द गेर’ हे शौर्यपदक दिलं. अमेरिकेतही वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर पलटणीची मिरवणूक निघाली. युद्धाची बचत तिकिटं खपवायला सरकारनं त्याचं नाव वापरलं. पण त्याच्या स्वतःच्या देशानं त्याला पदक मात्र एकही दिलं नाही.

एक रकाना रिकामा

आता खरा मुद्दा. सैनिक सेवेतून सुटतो तेव्हा त्याला सुटकेचा कागद मिळतो. कधी भरती झाला, कुठे लढला, काय मिळवलं, कुठे लागलं, हे सगळं त्यात असतं. जॉन्सनच्या कागदात त्याच्या जखमांचा उल्लेखच नव्हता. एकवीस जखमा अंगावर, कागदावर शून्य.

सैन्यात कागद म्हणजे माणसाची सावली. अंगावरचा व्रण दाखवून भत्ता मिळत नाही, त्या व्रणाची नोंद दाखवावी लागते. जखमांमुळे जॉन्सनला स्टेशनवरची हमाली पुन्हा जमली नाही, आणि जखमांची नोंद नसल्यामुळे त्या जखमांचा भत्ताही मिळाला नाही. जुलै १९२९ मध्ये तो वारला. वय चाळिशीच्याही आत.

लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं ‘पर्पल हार्ट’ हे पदक आजच्या रूपात सुरू झालं १९३२ मध्ये. म्हणजे जॉन्सन गेल्यावर तीन वर्षांनी. ते त्याला मिळालं १९९६ मध्ये. २००२ मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मिळाला. आणि सगळ्यात वरचं ‘मेडल ऑफ ऑनर’ राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी २ जून २०१५ रोजी जाहीर समारंभात दिलं.

१९९६ नंतरही एवढा वेळ का? कारण सर्वोच्च पदकासाठी लागतो त्या वेळचा, वरिष्ठांच्या हातचा पुरावा. लोकांच्या आठवणी, जुन्या बातम्या पुरत नाहीत. ऑल्बनीतले काही माजी सैनिक कित्येक वर्षं या मागणीमागे लागले होते. अखेर एका सिनेटरच्या कार्यालयातल्या लोकांनी जुने दप्तर उपसले, आणि त्यात अमेरिकन सेनापती जनरल पर्शिंग यांचा, घटनेनंतर काही दिवसांतच निघालेला संदेश सापडला. त्यात या पराक्रमाचं वर्णन होतं. या पदकाची मुदत केव्हाच उलटून गेली होती, म्हणून संसदेनं खास कायदा करून ती सैल केली. पुरावा सरकारच्याच दप्तरात होता, फक्त कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

दुरुस्ती म्हणजे उपकार नाही

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप प्रत्येकाला करावा लागतो का? नाही. बहुतेकांची चूक साधी असते.

१९४६ पर्यंत अमेरिकेत सैनिकाच्या नोंदीतली मोठी चूक दुरुस्त करायची तर अनेकदा संसदेतच त्या एका माणसापुरता कायदा मंजूर करून घ्यावा लागायचा. कल्पना करा! १९४६ च्या कायद्यानं हे काम नागरी मंडळांकडे दिलं. निर्णय घेणारे गणवेशातले नाहीत, साधे नागरिक. त्यामागचा विचार असा, की ज्यानं चूक केली त्यालाच न्यायाधीश करू नये.

१९५० पासून सुटकेच्या कागदाला ‘डीडी-२१४’ म्हणतात. मिळालेलं पदक त्यात लिहायचं राहिलं असेल आणि पुरावा सैनिकाच्या फायलीतच असेल, तर साध्या अर्जावर काम होतं. मूळ कागद फाडत नाहीत. ‘डीडी-२१५’ नावाचा पुरवणी कागद जोडतात. आपल्याकडे फेरफार नोंद असते ना, तसंच काहीसं. पुरावा फायलीत नसेल किंवा वाद असेल, तर ‘डीडी-१४९’ हा अर्ज मंडळाकडे जातो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असा नियम आहे, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ही मुदत माफ करतं. सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. वकील लागतोच असं नाही.

मात्र सुरुवातीला मंडळ असं धरून चालतं की नोंद बरोबर आहे. ती चूक आहे हे दाखवायचं काम अर्जदाराचं.

आणि काही पदकं तर सैनिकाला माहीतच नसतात! दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई होती, म्हणून मोहिमांची पदकं घडवलीच नाहीत, नुसत्या फिती दिल्या. पदकं तयार झाली युद्ध संपल्यावर, तोवर माणसं घरी जाऊन शेतीला, नोकरीला लागली होती. १९४७ मध्ये सैन्यानं ठरवलं, की त्या युद्धात प्रत्यक्ष लढाईचा बिल्ला मिळवलेल्या पायदळाच्या सैनिकांना ‘ब्राँझ स्टार’ द्यायचा. पण तो अर्ज केल्यावर. कुणी सांगितलंच नाही, तर अर्ज कोण करणार? म्हातारपणी नातवंडांनी कागद वाचले तेव्हा कित्येक घरांत कळलं, की आजोबांचं एक पदक सरकारकडेच राहिलंय.

जळालेली फाइल

पण फाइलच नसेल तर?

१२ जुलै १९७३, मध्यरात्र. सेंट लुईस शहराजवळच्या सहा मजली इमारतीत अमेरिकन सैनिकांच्या फायली ठेवल्या होत्या. वरच्या मजल्यावर आग लागली. आग विझवायला छतातून आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा तिथे नव्हती. आग पूर्ण विझली असं जाहीर व्हायला चार दिवसांहून जास्त वेळ गेला. अंदाजे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही, यादीसुद्धा नाही. आग का लागली हे आजवर नक्की झालेलं नाही.

उरलेले कागद पाण्यानं भिजून बुरशी धरायला लागले. मग काय केलं माहितेय? अंतराळयानांच्या चाचण्यांसाठी वापरलेल्या निर्वात कक्षात ते वाळवले. अशा खटपटीतून सुमारे ६५ लाख फायली, कडा जळालेल्या का होईना, वाचल्या.

पुढचं काम गुप्तहेराचं. माणसाची फाइल जळाली, पण त्याच्या तुकडीचे रोजचे हजेरी अहवाल दुसरीकडे होते. पगाराची शेवटची पावती होती. पदक ज्या आदेशानं जाहीर झालं, तो आदेश डिव्हिजनच्या दप्तरात होता. १९८८ मध्ये तर युद्धकाळातल्या रुग्णालयांच्या जवळपास एक कोटी नोंदी संगणकाच्या टेपवर असल्याचं कळलं. म्हणजे जखम झाल्याचा पुरावा! असे तुकडे जोडून आजही लोकांच्या फायली नव्यानं उभ्या केल्या जातात.

मग एवढं कडक कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्याला एक पदक द्यायला पुराव्याचा हट्ट कशाला? कारण खोटी पदकं मिरवणारेही असतात. लाभासाठी ठरावीक पदकांचा खोटा दावा करणं हा अमेरिकेत २०१३ पासून गुन्हा आहे. नोंदवही सैल झाली, तर नुकसान खऱ्या मानकऱ्याचंच होतं.

आणि जॉन्सनच्या गोष्टीतच पाहा. लोक सांगायचे, तो बेवारस मेला आणि गरिबांच्या दफनभूमीत पुरला गेला. २००२ मध्ये उघड झालं, की तो आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत, विल्यम हेन्री जॉन्सन या नावानं, सन्मानानं पुरलेला आहे. पुढे असंही सापडलं, की १९२७ मध्ये क्षयरोगामुळे त्याला पूर्ण अपंग ठरवून सरकारी मदत सुरू झाली होती. वर्षानुवर्षं ज्यांना त्याचे वारस मानलं, त्यांचं नातंही कागदांत सिद्ध झालं नाही. म्हणून व्हाइट हाउसमध्ये पदक त्याच्या वतीनं न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका अधिकाऱ्यानं स्वीकारलं.

म्हणजे ज्या शोधानं त्याला पदक मिळवून दिलं, त्याच शोधानं त्याच्या दंतकथेतलं काही काढूनही टाकलं. त्यानं अन्याय लहान होत नाही. मदत मिळाली ती आजाराची, लढाईतल्या जखमांची नाही. ती नोंद तो जिवंत असेपर्यंत झालीच नाही.

जाता जाता एक काम सांगतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तर घरटी कुणी ना कुणी फौजेत असतं. तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्यांचं डिस्चार्ज बुक उघडा. नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव, पदकं, जखमा, सगळं ताडून पाहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही चुकलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि हे आजच करा, आजोबा समोर बसून ‘अरे, हे असं नव्हतं’ म्हणू शकतात तोवर.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!