अडकलेला स्वर

सिंथेसायझरची पट्टी दाबावी, स्वर उमटावा, बोट उचलावे आणि स्वर मात्र थांबू नये, असा अनुभव संगणकाला वाद्य जोडून काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. पट्टी वर आलेली असते, आणि खोलीत तो एकच स्वर तंबोऱ्यासारखा अखंड, पण तंबोऱ्याचे माधुर्य नसलेला, वाजत राहतो. कारण साधे असते. स्वर सुरू करण्याची आज्ञा पोहोचली आणि थांबवण्याची वाटेत हरवली. वाद्याच्या लेखी बोट अजून पट्टीवरच आहे. वाद्ये आणि संगणक यांना जोडण्याचा चार दशकांचा इतिहास आम्हांला या अडकलेल्या स्वराभोवती फिरताना दिसतो. आज्ञा हरवली हे कळावे कसे, आणि कळल्यावर तिची भरपाई करावी कशी, हा त्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे.

आरंभी या जोडणीत संगणक नव्हताच. १९७० च्या दशकातील सिंथेसायझर एकमेकांशी विजेच्या दाबाच्या भाषेत बोलत. मूग आणि रोलँड यांच्या वाद्यांत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जाई. कॉर्ग आणि यामाहा यांच्या अनेक वाद्यांत दाब कंपनसंख्येच्या प्रमाणात असे, म्हणजे सप्तक चढायचे तर दाब दुप्पट करावा लागे. एका घराण्याचे वाद्य दुसऱ्या घराण्याच्या वाद्याला जोडले की दोन्ही बेसूर होत. पुढे वाद्यांत मायक्रोप्रोसेसर आले, पण प्रत्येक कंपनीने आपापली अंकीय भाषा आणि आपापली खोबण निर्माण केल्यामुळे भिंती तशाच राहिल्या.

या भिंतींना पहिले खिंडार पाडण्याचे श्रेय रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्याकडे जाते. १९८१ च्या उन्हाळ्यात त्यांनी सामाईक भाषेची कल्पना अमेरिकन निर्माते टॉम ओबरहाइम यांच्यापुढे मांडली. तेथून ती सीक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्याकडे पोहोचली. त्याच वर्षी स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी न्यूयॉर्कच्या ध्वनिअभियंत्यांच्या अधिवेशनात तिचा आराखडा वाचला. अमेरिकन उत्पादकांचा उत्साह लवकर मावळला. रोलँड, यामाहा, कॉर्ग आणि कावाई या चार जपानी कंपन्या मात्र टिकून राहिल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या वाद्यमेळ्यात सीक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले, आणि एका कंपनीच्या पट्ट्यांवर दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजले. ऑगस्टमध्ये मिडी या नावाने पहिली संहिता प्रसिद्ध झाली. तिच्या वापरासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागत नव्हते. बाजारात एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्यांनी हे केले, ही गोष्ट आम्हांला तंत्रापेक्षाही मोलाची वाटते.

या तारेची घडण काटकसरीची होती. खोबण पाच पिनांची, पण कामाच्या पिना तीनच. वेग सेकंदाला ३१,२५० बिट; हा आकडा दहा लाखांना ३२ ने भागून येतो, आणि त्या काळच्या स्वस्त चिपांना तो सहज साधत असे. एका स्वराची आज्ञा तीन बाइटांची, म्हणजे तिला पोहोचायला जवळपास एक सहस्रांश सेकंद लागे. घेणाऱ्या वाद्याच्या दाराशी एक प्रकाशयुग्मक बसवलेले असे. येणारी वीज तेथे एक चिमुकला दिवा पेटवी, आणि वाद्य त्या दिव्याचा प्रकाश वाचत असे. दोन यंत्रांचे विद्युतमंडल एकमेकांना शिवतच नसे, म्हणून जोडणीपायी ध्वनिक्षेपकात गुणगुण शिरत नसे.

मात्र या तारेत एक मौन होते. ती एकाच दिशेने बोलत असे. पाठवणाऱ्याने आज्ञा द्यावी आणि ती पोहोचली असे गृहीत धरावे; उलट टपालाची सोयच नव्हती. त्यामुळे वाद्य गप्प राहिले तर त्या गप्पपणाचा अर्थ पाठवणाऱ्याला कधीच कळत नसे. तार तुटलेली असेल. येणाऱ्या आणि जाणाऱ्या खोबणींची अदलाबदल झाली असेल. सोळा वाहिन्यांपैकी तिसऱ्या वाहिनीवर बोलले जात असेल आणि वाद्य पहिलीवर कान लावून बसले असेल. यामाहाचे १९८३ चे गाजलेले डीएक्स-७ फक्त पहिल्या वाहिनीवरच बोलू शके. बिघाड शोधणारे लोक म्हणून एक शिस्त शिकले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तारेचे एक टोक धरायचे आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. तार पंधरा मीटरांहून लांब नसावी असा दंडक होता, तेव्हा हे चालणे फार दूरचे नसे.

या मौनावर संहितेत एक उपाय होता, पण तो ऐच्छिक होता. पाठवणारे वाद्य, दुसरे काही बोलायचे नसले तरी, दर ३०० सहस्रांश सेकंदांच्या आत 'मी आहे' एवढा एक बाइट पाठवू शके. एकदा तो ऐकू येऊ लागला आणि मग अचानक बंद पडला, तर घेणाऱ्याने समजावे की तार निसटली, आणि वाजत असलेले सारे स्वर थांबवावेत. अडकलेल्या स्वरावरचा हा पहिला औपचारिक इलाज. तो तार तुटल्याचे ओळखत असे. एखादीच आज्ञा गळाली तर त्याला पत्ता नसे.

मग संगणक आला. १९८४ मध्ये रोलँडने एमपीयू-४०१ हा दुवा आणला. १९८५ च्या अटारी एसटीला तर मिडीच्या खोबणी अंगच्याच होत्या. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी नेण्याचा नियम ठरला आणि पाच पिनांची तार हळूहळू मागे सरली. खरा पेच उभा राहिला तो पुढे, नेटवर्कवरून स्वर पाठवण्याची इच्छा झाली तेव्हा. नेटवर्कवर माहिती पोहोचवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. टीसीपी हरवलेले पॅकेट पुन्हा मागवते, पण तोवर मागचे सारे खोळंबते, आणि उशिरा आलेला स्वर हा चुकलेलाच स्वर असतो. यूडीपी कोणासाठी थांबत नाही, पण हरवलेल्याची चौकशीही करत नाही. थांबावे तर ताल जातो, थांबू नये तर स्वर अडकतो.

यातून बर्कलीच्या जॉन लाझारो आणि जॉन वॉर्झिनेक यांनी जी वाट काढली, ती नोव्हेंबर २००६ मध्ये इंटरनेटचे प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. अ‍ॅपलने २००५ च्या आपल्या संगणकप्रणालीतच ही रीत आणली होती. त्यांनी हरवलेले पॅकेट पुन्हा मागवलेच नाही. प्रत्येक नव्या पॅकेटासोबत मागील घडामोडींची एक आटोपशीर रोजनिशी पाठवली. पॅकेटांना अनुक्रमांक असतात. एक गळाले की घेणाऱ्याला पुढच्याच पॅकेटात ते कळते. तो रोजनिशी उघडतो, अमुक स्वर थांबायला हवा होता असे त्यात वाचतो, आणि तो थांबवतो. घेणारा अधूनमधून 'येथवर पोहोचले' असे कळवतो, तेव्हा रोजनिशीची जुनी पाने फाडली जातात. मिडीच्या पहिल्या तारेला फक्त वर्तमान माहीत होते. या रोजनिशीने तिला भूतकाळ दिला.

बिघाडही अर्थात बदलले. काही दिवसांपूर्वी आमच्यातील एका मित्राच्या घरी आम्ही एका जुन्या सिंथेसायझरला नेटवर्कवरून संगणकाशी जोडत होतो. यादीत वाद्याचे नाव दिसे, जोडणीची आज्ञा दिली की काही क्षण आशा वाटे, आणि मग सारे विरून जाई. तारा बदलल्या, राउटर बंद करून सुरू केला, संगणकालाही विश्रांती दिली. दोन तास गेल्यावर कारण सापडले. या पद्धतीत संगणक वाद्याला दोन दारांवर निमंत्रण देतो: आधी नियंत्रणाच्या, सहसा ५००४ क्रमांकाच्या दारावर, आणि तेथे होकार मिळाला की शेजारच्या ५००५ वर, जिथून स्वर जायचे असतात. फायरवॉलमध्ये पहिल्याच दाराला परवानगी होती. तो नियम कोणी लिहिला होता, याची चौकशी आम्ही लांबवली नाही. तो आम्हीच लिहिला होता.

हात फिरवून तपासता येईल असे या बिघाडात काही नव्हते. तार शाबूत होती, दिवे लागलेले होते, उणीव होती ती परवानगीची. तरीही उपयोगी पडली ती १९८३ चीच शिस्त: एका टोकापासून निघायचे आणि एकेक पाऊल तपासत जायचे. फरक इतकाच, की आता तारेऐवजी संवादाचा क्रम चालून जावा लागला: निमंत्रण, होकार, दुसरे निमंत्रण, घड्याळांची जुळणी. कोणत्या पायरीवर उत्तर थांबले हे कळले की बिघाडाचे ठिकाण कळते.

काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. २०२० मध्ये आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्ये एकमेकांना 'तुला काय येते?' असे विचारू शकतात, आणि २०२४ मध्ये संमत झालेल्या तिच्या नेटवर्क नियमांत आधीच्या पॅकेटांची पुनरुक्ती करण्याची आणि हरवलेले मागवण्याचीही सोय आहे. जुने मौन असे एकेका पायरीने संपत आले आहे. त्या रात्री दुसरे दार उघडल्यावर मित्राने एक पट्टी दाबली. स्वर उमटला. आम्हां सर्वांचे लक्ष मात्र तो उमटण्याकडे नव्हते. बोट उचलल्यावर तो थांबतो का, हे आम्ही ऐकत होतो. तो थांबला.