जुना संगणक, रॅमची पट्टी आणि १९९५ सालची एक फसवणूक

संगणक जुना झाला, रखडायला लागला, की दुकानदार पहिला सल्ला देतो, ‘रॅम वाढवून घ्या.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतो आहे, आणि बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. प्रोसेसर तोच, डिस्क तीच. वीतभरही नसलेली एक पट्टी खाचेत बसवली, की मशीनला जीव आल्यासारखं वाटतं. असं का होतं, हे आज आपल्याला बघायचं आहे. आणि ही पट्टी परवडत नव्हती त्या काळात, हे कारण ठाऊक नसल्यामुळे लोक कसे नाडले गेले, तेही.

सुरुवात मँचेस्टरला करू. डिसेंबर १९६२ मध्ये तिथल्या विद्यापीठात ॲटलस नावाचा संगणक सुरू झाला. त्यामागचे प्रमुख होते टॉम किलबर्न. त्या काळी मेमरी म्हणजे तारांमध्ये ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या, आणि ती भयंकर महाग. ॲटलसमध्ये ती १६,३८४ शब्दांची होती. (शब्द म्हणजे इथे ४८ बिटांचा एक गठ्ठा.) तिच्या सहापट जागा फिरत्या चुंबकीय ड्रमांवर होती, स्वस्त, पण मंद. तोवर कार्यक्रम मोठा असला, तर त्याचे तुकडे ड्रमवरून आणायचे कधी आणि परत ठेवायचे कधी, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हमाली यंत्राच्याच गळ्यात घातली. मेमरीची ५१२ शब्दांची ‘पानं’ पाडली. हवं ते पान मेमरीत नसेल तर यंत्र आपणहून ड्रमवरून आणणार, आणि जागेसाठी दुसरं एखादं पान ड्रमवर पाठवणार.

आता यातली मेख बघा. मेमरी अपुरी पडली तर पूर्वी काम अडायचं. आता ते अडेना, फक्त हळू चालू लागलं. आपल्या टेबलावरचा संगणक जो रखडतो ना, ते रखडणं म्हणजे १९६२ च्या त्या सोयीची किंमत आहे. आमच्या मते संगणकाच्या इतिहासात इतकी उपयोगी आणि इतकी दिसेनाशी झालेली कल्पना दुसरी नाही.

ही किंमत किती चढू शकते, याचा नीट हिशेब पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडला. ते तेव्हा एमआयटीत होते. कोणत्याही कार्यक्रमाला एका वेळी सगळी पानं लागत नाहीत, एक ठरावीक संच लागतो. त्याला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. तो संच मेमरीत मावला, तर सगळं सुरळीत. थोडा जरी बाहेर राहिला, तर यंत्र पानांची ने-आण करण्यातच बुडून जातं. याला थ्रॅशिंग म्हणतात. जातं घरघरतंय, पीठ काही पडत नाही.

घरच्या संगणकावर हे यायला वेळ लागला. ऑगस्ट १९८१ मधल्या आयबीएम पीसीच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात १६ केबी मेमरी होती, आणि डॉसमध्ये ॲटलससारखी सोय नव्हती. मेमरी संपली की संदेश यायचा, विषय संपला. पानं पाडणारा इंटेलचा ३८६ प्रोसेसर १९८५ मध्ये आला, १९९० च्या विंडोज ३.० नं त्याचा फायदा घेतला, आणि ॲटलसची युक्ती टेबलावर पोचली. ड्रमच्या जागी हार्ड डिस्क आली.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. नव्वदच्या दशकातली रॅम साधारण ७० नॅनोसेकंदांत उत्तर द्यायची, डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद लागायचे. रॅमच्या उत्तराला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कचं उत्तर यायला जवळजवळ ४० तास. ओट्यावरचा डबा घेणं कुठे, आणि गावाकडून तो मागवणं कुठे! रॅम वाढवल्यानं प्रोसेसर तसूभरही वेगवान होत नाही. त्याचं थांबणं कमी होतं, बस्स.

मग लोक रॅम का घालत नव्हते? जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपची वेष्टनं ज्या इपॉक्सी रेझिनची बनतात, त्याच्या जगाच्या पुरवठ्याचा मोठा वाटा तिथून यायचा. रॅमचे भाव उसळले, आणि १९९५ मध्येही अमेरिकेत १ एमबीला ३० डॉलरच्या आसपास मोजावे लागत होते. त्यातच २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. ४ एमबीवर चालेल असं खोक्यावर छापलेलं, पण ८ तरी हवेत हे वापरणाऱ्याला लगेच कळायचं. खाचांचा जाच वेगळाच. ७२ पिनांच्या पट्ट्या पेंटियममध्ये जोडीनंच बसवाव्या लागत. खाचा भरलेल्या असल्या तर जुन्या पट्ट्या काढा, नव्या घ्या.

या कोंडीत कॅलिफोर्नियाच्या सिंक्रॉनिस सॉफ्टकॉर्प कंपनीनं सॉफ्टरॅम ९५ विकायला काढलं. दावा असा, की हे सॉफ्टवेअर घाला, मेमरी दुप्पट होईल. मेमरीतला मजकूर दाबून कमी जागेत बसवू, असं सांगितलं जात होतं. कल्पना अशक्य नव्हती, म्हणूनच लोकांचा विश्वास बसला. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी ते उकलून पाहिलं (मार्क रुसिनोविच त्यांपैकी एक), तर आत मजकूर दाबण्याचं काम कुठे होतच नव्हतं. पडद्यावर मात्र मेमरी वाढल्याचे आकडे झळकत होते. डिसेंबर १९९५ मध्ये कंपनीला ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्याशी तडजोड करून असे दावे करण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी रॅमचे भाव कोसळले, आणि खरी पट्टीच आवाक्यात आली.

आज डिस्कच्या जागी एसएसडी असेल तर ते ४० तासांचं अंतर पुष्कळ कमी होतं, संपत मात्र नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी रोजची सगळी कामं उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरली ते बघा. काठोकाठ भरली असेल, तर पट्टी घ्या. निम्मी मोकळी असेल, तर वर्किंग सेट आधीच मावलेला आहे. नव्या पट्टीनं वेगात फरक दिसणार नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्यापासून तर प्रश्नच बदलला आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम पुरते. पुष्कळ जुन्या मशीनना अडवते ती टीपीएम २.० ची आणि ठरावीक प्रोसेसरची अट, आणि तिथे कितीही पट्ट्या बसवल्या तरी उपयोग नाही.